मागच्या दाराने मेघालय

मेघालय पाहून आलेल्या कुणालाही विचारा, प्रवासाचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. गुवाहाटीला विमानातून उतरायचं, गाडी ठरवायची, वाटेत उमियमच्या तलावापाशी फोटो, शिलाँगला मुक्काम, दुसऱ्या दिवशी सोहरा (म्हणजे आपलं शाळेतलं चेरापुंजी), तिथले धबधबे आणि गुहा, तिसऱ्या दिवशी डावकीला काचेसारख्या पाण्यात नाव. दिवाळीनंतर आम्हीही घरचे सहाजण हेच करून आलो. फोटो सगळ्यांना पाठवून झालेत, तेव्हा "काय सुंदर आहे हो!" हा भाग इथे पुन्हा लिहीत नाही. सुंदर आहेच.

लिहायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. चार दिवस जे पाहिलं आणि घरी आल्यावर जे वाचलं, त्यांची सांगड घालताना एकच विचार पुन्हा पुन्हा डोक्यात येत राहिला. या डोंगरात आपण शिरतो ते मागच्या दाराने. पुढचं दार दक्षिणेला आहे, आणि ते १९४७ साली बंद झालं.

आधी भूगोल, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. खासी डोंगर म्हणजे एक मोठं पठार. उत्तरेकडून, आसामच्या बाजूने, ते हळूहळू चढत जातं. दक्षिणेला मात्र सोहऱ्याच्या पुढे एकदम कडा, आणि खाली थेट सिल्हेटचं मैदान, म्हणजे आजचा बांगलादेश. सोहरा समुद्रसपाटीपासून साधारण चौदाशे मीटरवर. खालचं मैदान जवळजवळ समुद्रसपाटीलाच. आपल्याला हे चित्र नवीन नाही. देशावरून सह्याद्री कळतसुद्धा नाही, आणि एकदम नाणेघाटाच्या तोंडाशी आलं की खाली कोकण पसरलेलं दिसतं. बंगालच्या उपसागरावरून आलेले ढग त्या सपाट मैदानावरून बिनअडथळा येतात आणि पहिल्या भिंतीवर आपटतात. ती भिंत म्हणजे सोहरा आणि मॉसिनराम.

पावसाचे आकडे शाळेत पाठ केले होते, पण त्यांचा अर्थ तिथे गेल्यावर लागतो. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत चेरापुंजीला २६,४६१ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे साडेसव्वीस मीटर, आठ मजली इमारत बुडेल इतकं पाणी. पुण्यात वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो, यावरून काय ते समजा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तर मुंबईने काय भोगलं ते आपल्यातले बरेचजण विसरलेले नाहीत. चेरापुंजीला जून १९९५ मध्ये एका दिवसात १५६३ मिलिमीटर पडला होता.

आता तलाव. गुवाहाटीहून शिलाँगला जाताना साधारण पंधरा किलोमीटर आधी डाव्या-उजव्या बाजूला निळंशार पाणी दिसायला लागतं, तो उमियम. लोक बडापानीही म्हणतात. खासी भाषेत 'उम' म्हणजे पाणी. नावाचा अर्थ सांगतात तो 'अश्रूंचं पाणी'. स्वर्गातून दोघी बहिणी निघाल्या, एक वाटेत हरवली, दुसरी तिच्यासाठी इतकी रडली की तळं झालं. गोष्ट गोड आहे, आणि नदीला शोभणारीही आहे. पण तळं मात्र साठच्या दशकातलं, उमियम नदीवर वीजप्रकल्पासाठी धरण बांधलं त्याचं. वीज १९६५ पासून सुरू झाली. म्हणजे आपल्या कोयनेचा शिवसागर जेवढा जुना, साधारण तेवढाच हा.

या तळ्याचं पाणी उत्तरेकडे, ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात जातं. आज मेघालयाचं सगळंच उत्तरेकडे वाहतं. भाजी, सिमेंट, पेट्रोल, पर्यटक, शिकायला जाणारी मुलं, दवाखान्यात जाणारे पेशंट, सगळ्यांची वाट गुवाहाटीवरून. दोनशे वर्षांपूर्वी हे असं नव्हतं.

मग कसं होतं? ते मला सगळ्यात सोप्या रीतीने कळलं एका विड्यामुळे. सोहऱ्याला एका टपरीवर चहा आणि जाडोह (भात आणि मांस एकत्र शिजवलेलं) खाल्लं. दुकान चालवणाऱ्या बाईंना तिथे 'काँग' म्हणायचं, म्हणजे ताई. पैसे दिल्यावर काँगनी छोट्या ताटलीत पानाचे तुकडे, त्यावर बोटभर चुना आणि ओल्या सुपारीची फोड पुढे केली. याला 'क्वाई' म्हणतात. खासी माणसाच्या घरी गेलात की पाण्याच्या आधी क्वाई. पूर्वी अंतरसुद्धा क्वाईत मोजायचे. अमुक गाव दोन क्वाईवर आहे, म्हणजे वाटेत दोन विडे चघळून होतील इतकं. आपल्या विड्यासारखं कात-वेलची-गुलकंद काही नाही. ओली सुपारी अशी चढते की कान गरम होतात आणि थंडीत घाम फुटतो. आमच्या आत्याला दोन मिनिटं खुर्चीत बसावं लागलं!

पण ती ताटली नीट पाहा. पान, सुपारी आणि चुना. तिन्ही गोष्टी दक्षिणेच्या उताराच्या. पानवेली आणि सुपारीच्या बागा कड्याच्या खालच्या उबदार दऱ्यांमध्ये, जिथे 'वार' म्हणवणारे खासी राहतात. चुनखडीही त्याच कड्यात. त्यांच्या जोडीला संत्री, तेजपान, मध. आणि हे सगळं विकलं जायचं पायथ्याला, सिल्हेटच्या बाजारांमध्ये. बदल्यात वर यायचं तांदूळ, मीठ, सुकी मासळी, कापड. उत्तरेला आसामच्या बाजूनेही बाजार होते, नव्हते असं नाही. पण वार खाशांचं पोट दक्षिणेच्या बाजारावर चालायचं.

इतकंच कशाला, चेरापुंजी हे नावसुद्धा खालून आलेलं आहे. गावाचं मूळ नाव सोहरा. इंग्रजांच्या तोंडी त्याचं चेरा झालं, आणि 'पुंजी' म्हणजे सिल्हेटकडचे लोक खाशांच्या वस्तीला म्हणतात तो शब्द. बांगलादेशातल्या सिल्हेट भागात पानाच्या मळ्यांभोवती खाशांची गावं आजही आहेत, आणि त्यांना आजही पुंजी म्हणतात.

मॉसमाईच्या गुहेत आम्ही गेलो तेव्हा खूप गर्दी होती. दीडशे मीटरचीच गुहा, आत दिवे लावलेले, मध्येमध्ये वाकून, अंग चोरून जावं लागतं. मेघालयात अशा गुहा शेकड्यांनी आहेत. खासीत गुहेला 'क्रेम' म्हणतात. जैंतिया डोंगरातली क्रेम लिआत प्राह तीस किलोमीटरच्याही वर लांब आहे, आणि मॉसिनरामकडची क्रेम पुरी साडेचोवीस किलोमीटर. ही दुसरी चुनखडीतली नसून वालुकाश्मातली, आणि त्या जातीच्या गुहांमध्ये जगातली सगळ्यात लांब म्हणून २०१८ मध्ये गाजली.

गुहेची कृती साधी आहे. साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्यातल्या शंखशिंपल्यांची चुनखडी झाली. पावसाचं किंचित आंबट पाणी ती विरघळवत आत शिरतं, पोकळी होते, आणि थेंबाथेंबाने वितळलेला चुना पुन्हा छताला नि जमिनीला साठत जातो. या चुनखडीला भूशास्त्रज्ञ नाव काय देतात? 'सिल्हेट लाइमस्टोन'. दगडाचं नावसुद्धा सीमेपलीकडच्या शहराचं!

सोहऱ्याजवळ मॉमलूह नावाची आणखी एक गुहा आहे. तिथल्या एका लवणस्तंभात शास्त्रज्ञांना साधारण ४२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळाची खूण सापडली. पाऊस कमी झाला की थेंबांतला फरक त्या थरांत उतरतो. त्याच सुमाराला इजिप्तपासून मेसोपोटेमियापर्यंत राज्यं मोडकळीला आली. त्या खुणेवरून जुलै २०१८ मध्ये पृथ्वीच्या इतिहासातल्या आजच्या कालखंडाला 'मेघालयन' असं अधिकृत नाव मिळालं. जगातल्या सगळ्यात ओल्या गावांपैकी एकाशेजारी दुष्काळाचा पुरावा मिळावा, यातली गंमत गुहेबाहेर आमच्यात बराच वेळ चघळली गेली.

याच दगडाने ईस्ट इंडिया कंपनीला इथे ओढून आणलं. १७६५ साली बंगालची दिवाणी मिळाली, तिच्याबरोबर सिल्हेटही आलं. १७७८ मध्ये रॉबर्ट लिंडसे नावाचा तरुण स्कॉटिश अधिकारी तिथे आला. पगार बेताचा, पण डोळा तीक्ष्ण. डोंगरातली चुनखडी खाली आणायची, छातकच्या बाजूला भट्ट्यांत भाजायची आणि नावांनी कलकत्त्याला पाठवायची, या धंद्यात त्याने भरपूर कमावलं. त्या काळात उभ्या राहणाऱ्या कलकत्त्याच्या इमारतींमध्ये 'सिल्हेट चुना' गेलेला आहे. डोंगर मात्र कंपनीचा नव्हता, खाशांचा होता. चुनखडी मिळायची ती त्यांच्याशी करार करून.

मग १८२६. यांदाबोच्या तहाने आसाम कंपनीकडे आला. आता खाली सिल्हेट आपलं, वर आसाम आपला, मध्ये खाशांचा डोंगर. डेव्हिड स्कॉट या अधिकाऱ्याने डोंगरावरून रस्ता काढायचं ठरवलं. नोंगख्लावचा सिएम (म्हणजे प्रमुख) तिरोत सिंग याने दरबारच्या संमतीने परवानगी दिली. सिएम हा आपल्याकडच्यासारखा राजा नव्हे, दरबाराला विचारल्याशिवाय त्याला मोठा निर्णय घेता येत नसे. पण रस्ता झाला की कर येणार, कर आला की राज्य जाणार, हे लोकांना कळायला वेळ लागला नाही. ४ एप्रिल १८२९ रोजी नोंगख्लावच्या इंग्रज ठाण्यावर हल्ला झाला, दोन अधिकारी मारले गेले. स्कॉट त्या वेळी चेराला गेला होता म्हणून वाचला.

पुढे जवळजवळ चार वर्षं ही लढाई चालली. बंदुकांपुढे धनुष्यबाण. आणि इंग्रजांनी बंदुकीइतकंच दुसरं एक हत्यार वापरलं, ते म्हणजे मैदानातल्या बाजारांची नाकेबंदी. डोंगरात तांदूळ-मीठ जाऊ द्यायचं नाही, डोंगरातला माल विकू द्यायचा नाही. पुढचं दार बाहेरून लावून घेता येतं, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. जानेवारी १८३३ मध्ये तिरोत सिंग हाती लागला. त्याला ढाक्याला कैदेत ठेवलं, आणि तिथेच १७ जुलै १८३५ ला तो वारला. मेघालयात त्याचा स्मृतिदिन पाळतात. गंमत अशी की डेव्हिड स्कॉटच्या नावाने मॉफलांगहून निघणारी पायवाट आज ट्रेकर लोकांमध्ये प्रसिद्ध आहे. आम्हीही तिच्यावर तासभर चाललो. रस्ता सुरेख आहे, आणि तो कशासाठी बांधला गेला हे माहीत असलं की पाय जरा जपून पडतात.

शेजारच्या जैंतिया राज्याची कथा तर आणखी बोलकी. या राजांची नार्तियांग ही डोंगरातली राजधानी. तिथे उभ्या केलेल्या प्रचंड शिळांचं रान आहे, अवश्य पाहा. पण मुख्य राजधानी जैंतियापूर खाली मैदानात, म्हणजे आज बांगलादेशात, डावकीपासून थोड्याच अंतरावर. एकाच राज्याचा एक पाय डोंगरात आणि एक मैदानात. १८३५ मध्ये कंपनीने मैदानातला भाग घेतला. राजा राजेंद्र सिंग उरलेला डोंगर राखून काय करणार? त्याने तोही सोडून दिला. मैदान गेलं की डोंगराला अर्थ उरत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

सोहऱ्याला इंग्रजांनी ठाणं केलं. १८४१ मध्ये वेल्समधून थॉमस जोन्स नावाचा मिशनरी तिथे पोचला आणि त्याने खासी भाषा रोमन लिपीत लिहायला घेतली. तिचं स्पेलिंग आजही वेल्श वळणाचं आहे, म्हणून पाट्या वाचताना आपली बोबडी वळते. त्याआधी सेरामपूरच्या मिशनऱ्यांनी खासी बंगाली लिपीत लिहिली होती. (मराठीचं व्याकरण १८०५ साली छापणारा विल्यम कॅरी याच सेरामपूरचा.) लिपीतही दार बदललं म्हणायचं. पुढे १८६४ मध्ये जिल्ह्याचं ठाणं पावसाला कंटाळून शिलाँगला, म्हणजे उत्तरेला हललं, आणि १८७४ मध्ये शिलाँग आसाम प्रांताची राजधानी झालं. तरी व्यापार दक्षिणेलाच होता. १८८६ मध्ये पायथ्याच्या थारियापासून कंपनीगंजपर्यंत छोटी रेल्वेसुद्धा सुरू झाली होती. १२ जून १८९७ च्या महाभूकंपात शिलाँग जमीनदोस्त झालं, आणि ती रेल्वेही मोडीत निघाली.

आता धबधबा. नोहकालिकाई ३४० मीटर सरळ कोसळतो. नोव्हेंबरात धार बारीक झालेली असते, पण तळाचं हिरवं-निळं कुंड स्वच्छ दिसतं. त्याची कथा सगळे गाइड सांगतात, आणि ती लहान मुलांसमोर सांगण्यासारखी नाही. लिकाई नावाची बाई वरच्या रांगजिर्तेह गावातली. नवरा वारला, पदरी तान्ही मुलगी. पोटासाठी ती हमाली करू लागली. दुसरं लग्न केलं. घरी आल्यावर तिचं सगळं लक्ष मुलीकडे, याचा नव्या नवऱ्याला राग. एक दिवस त्याने मुलीला मारलं आणि तेच मांस शिजवून ठेवलं. दमून आलेली लिकाई जेवली, आणि जेवणानंतर क्वाईच्या टोपलीत हात घातला तर चिमुकली बोटं. तिने धावत जाऊन कड्यावरून उडी घेतली. 'नोह' म्हणजे उडी. 'का लिकाईची उडी' ते नोहकालिकाई.

कथा ऐकून आमच्यात कुणीच काही बोललं नाही. मला मात्र नंतर त्यातला एक शब्द सोडेना: हमाली. कसली हमाली? खासी डोंगरात लोखंड गाळायची परंपरा फार जुनी आहे. नोंगक्रेमला सापडलेल्या लोखंडाच्या मळीचा काळ २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा निघाला. हे लोखंडही पाठीवरून खाली जायचं, डोक्याला पट्टा लावलेल्या शंकूसारख्या टोपल्यांतून. चुना, संत्री, सुपारी, लोखंड, सगळं माणसांच्या पाठीवर, आणि त्यात बायकांच्या पाठी पुष्कळ. खासी समाजात वंश आईकडून चालतो, घर धाकट्या मुलीकडे जातं. पण ओझं काही त्यामुळे चुकलं नाही. एकोणिसाव्या शतकात विलायतेचं स्वस्त लोखंड आलं आणि त्या भट्ट्या विझल्या. भट्ट्यांच्या कोळशासाठी तोडलेलं रान मात्र परत आलं नाही. आज सोहऱ्याच्या माथ्यावर बराचसा भाग उघडाबोडका आहे, माती वाहून गेलेली. पावसाळ्यात बुडणाऱ्या या गावात हिवाळ्यात पाण्यासाठी घागरी घेऊन फिरावं लागतं. रान कसं होतं ते पाहायचं तर मॉफलांगची देवराई पाहायची. तिथून पानसुद्धा तोडून न्यायचं नाही, हा नियम आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

ते झाडांच्या मुळांचे जिवंत पूल, ज्यांच्यासाठी लोक नोंगरियातच्या तीन हजारांवर पायऱ्या उतरतात, तेही याच ओझ्याच्या वाटेवरचे. रबराच्या झाडाची मुळं ओढ्यावरून वळवत नेऊन पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले. १८४४ मध्ये हेन्री यूल या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्याबद्दल लिहून ठेवलं आहे. संत्र्यांची आणि सुपारीची टोपली भर पावसात बाजाराला पोचावी म्हणून हे पूल. आज त्यावर फक्त आपण उभे राहून फोटो काढतो.

कारण बाजारच राहिला नाही. ६ आणि ७ जुलै १९४७ ला सिल्हेटमध्ये सार्वमत झालं. आसामात राहायचं की पूर्व बंगालमध्ये जायचं? २,३९,६१९ मतं पूर्व बंगालच्या बाजूने, १,८४,०४१ विरुद्ध. करीमगंजकडचा तुकडा वगळता सिल्हेट पाकिस्तानात गेलं. खासी संस्थानांना यात मत विचारलेलं नव्हतं. पंचवीस लहान लहान संस्थानं. डिसेंबर १९४७ पासून त्यांनी भारतात येण्याच्या करारांवर सह्या केल्या, शेवटचं नोंगस्टोइन मार्च १९४८ मध्ये. बाजार आधीच परदेशात गेला होता.

आपल्या भाषेत कल्पना करून पाहा. घाटमाथा इकडे ठेवला आणि कोकण दुसऱ्या देशात गेलं. जुन्नरची बैलं नाणेघाटाच्या तोंडाशी उभी, आणि कल्याणला जायला पासपोर्ट हवा. आंबे, तांदूळ, मासळी, मीठ, सोयरीक, सगळं एका पावसाळ्यात तुटलं. वारच्या गावांत हेच झालं. झाडाला संत्री लगडलेली आणि गिऱ्हाईक सीमेपार. उलट वाटेने, कडा चढून, शिलाँगला माल न्यायला धड रस्ते नव्हते.

आमच्या गाडीचा चालक (पुरुषाला 'बाह' म्हणतात, म्हणजे दादा) अशाच एका खालच्या गावातला निघाला. सोहऱ्याच्या पुढे कड्यावर त्याने गाडी थांबवली. समोर पायाखाली मैदान, आणि त्यात चमकणारं पाणी, जिकडे पाहावं तिकडे पाणी. तो म्हणाला, "माझी आजी पहाटे अंधारात निघायची आणि तिकडचा बाजार करून परत यायची. आईने ते गाव फक्त इथूनच पाहिलंय." मी विचारलं, "आणि तू?" तो हसला. म्हणाला, "मी गुवाहाटी पाहिलंय ना, साहेब."

ते चमकणारं पाणी म्हणजे हाओर. सागर या शब्दाचंच ते रूप. सुनामगंज जिल्ह्यात पावसाळ्यात शेकडो चौरस किलोमीटर जमीन उथळ सरोवर होऊन जाते. त्यातला टांगुआर हाओर २००० सालापासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आहे. मेघालयातले जे धबधबे आपण पाहतो त्यांचं पाणी तिथे जाऊन थांबतं. म्हणजे या डोंगराचं खरं तळं उमियम नव्हेच, ते खाली आहे, व्हिसाच्या पलीकडे. १७ जून २०२२ ला चेरापुंजीला एका दिवसात ९७२ मिलिमीटर पाऊस झाला आणि सिल्हेट-सुनामगंज बुडालं, लाखो माणसं पाण्यात अडकली. आपल्याकडच्या बातम्यांत 'चेरापुंजीला विक्रम' आला, आणि तिकडच्या बातम्यांत त्याच पाण्याने वाहून गेलेली घरं आली.

दार अगदीच कायमचं बंद राहिलं असंही नाही. १९७१ मध्ये ते उघडलं, पण माणसं जीव घेऊन पळत आली तेव्हा. बालाट, डावकी या बाजूंनी मेघालयात सहा लाखांहून जास्त निर्वासित आले. त्या वेळी मेघालयाची स्वतःची लोकसंख्या जेमतेम दहा लाख होती, आणि पूर्ण राज्याचा दर्जा मिळायचा होता, तो २१ जानेवारी १९७२ ला मिळाला. पुढे २०११ मध्ये कलाइचरला आणि २०१२ मध्ये बालाटला 'सीमा हाट' सुरू झाले. पाच किलोमीटरच्या परिसरातल्या लोकांनी यायचं, ठरलेला माल ठरलेल्या मर्यादेत विकायचा. कोविडमध्ये ते बंद पडले होते. लहानच गोष्ट, पण पाच किलोमीटर म्हणजे किती क्वाई, हे तिथल्या म्हाताऱ्यांना नक्की सांगता येत असेल.

आणि चुनखडी? ती मात्र जाते. लाफार्ज या फ्रेंच कंपनीने शेलाजवळच्या खाणीतून सीमेपलीकडच्या छातकपर्यंत सतरा किलोमीटरचा सरकता पट्टा बांधला. छातकला २००६ पासून त्या दगडाचं सिमेंट व्हायला लागलं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जंगलाच्या प्रश्नावरून खाणकाम थांबवलं, २०११ मध्ये परवानगी दिली. लिंडसेच्या भट्ट्या होत्या तेच छातक. दगडाला जाता येतं. बाहच्या आईला नाही.

डावकीला उमनगोट नदीवर १९३२ चा इंग्रजांनी बांधलेला झुलता पूल आहे. त्याच्याखाली नावेत बसलं की नाव हवेत तरंगल्यासारखी दिसते, ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत. नाव थोडी पुढे गेली की नावाडी वल्हं आडवं धरून थांबवतो. पुढे वाळूत आपलीच वाटावीत अशी माणसं, मुरमुरे-चणे विकणारी, फोटो काढणारी. बोर्ड नसता तर रेष कुठे आहे ते कळलं नसतं. आमच्यातल्या धाकटीने विचारलं, "त्यांना पण आपण 'पलीकडचे' दिसत असू?" दिसत असणारच.

असो. लांबलं बरंच. तुमच्यापैकी जे मेघालयला जायचं ठरवताहेत (मला दोघांचे फोन आलेत) त्यांना एवढंच सांगणं. मॉसमाईची गुहा, नोहकालिकाई, डावकी, सगळं बघा. नोव्हेंबरात गेलात तर हवा छान, सप्टेंबरात गेलात तर धबधबे भरलेले. काँगच्या टपरीवर क्वाई दिली तर नाही म्हणू नका, फक्त आधी खुर्ची बघून ठेवा. आणि सोहऱ्याच्या पुढे जिथे रस्ता कड्याला भिडतो तिथे गाडी थांबवून दक्षिणेकडे तोंड करून थोडा वेळ उभे राहा. घराची पुढची ओसरी तिथे आहे. पुढच्या वेळी जमलं तर ढाक्याला उतरून सिल्हेटच्या बाजूने यायचं माझ्या मनात आहे. डोंगर खालून कसा दिसतो ते एकदा पाहायचंय.